शिकागो ते न्यूयॉर्क शिडाच्या बोटीने: सरोवरे, कालवे आणि हडसन

प्रश्न थोडक्यात असा आहे. शिकागोत राहणाऱ्या एका मराठी दांपत्याची ३२ फुटी शिडाची बोट मिशिगन सरोवरावर असते. तिची कील, म्हणजे तळाचा जड पाता, पाण्याखाली साडेपाच फूट जाते, आणि दोघांनी आजवर किनारा दिसत राहील इतक्याच अंतरावर बोट चालवली आहे. आता ती सरोवरे, कालवे आणि नद्या यांच्या मार्गाने न्यूयॉर्कला न्यायची आहे. ऑगस्टमध्ये चार आठवड्यांची रजा आहे आणि गणपतीला न्यू जर्सीत भावाच्या घरी पोहोचायचे आहे. वाटेतल्या लॉकची, म्हणजे पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या कालव्यातल्या दारबंद कुंडांची, त्यांना धास्ती वाटते. डोलकाठी उतरवणे टाळता येईल का आणि दोघांनाच हे झेपेल का, असेही त्यांनी विचारले आहे.

दोघांना हे झेपेल. लॉकची धास्ती मात्र अनाठायी आहे. लॉकमध्ये बोटीचा रंग खरवडतो, फार तर एखादा रेलिंगचा खांब वाकतो. या मार्गावर माणसांच्या जिवावर बेतते ते सरोवरांत, आणि तेही बहुतेक वेळा ठरलेली तारीख गाठण्यासाठी नको त्या दिवशी बंदर सोडल्यामुळे. म्हणून या उत्तरातला मोठा भाग सरोवरांना आणि तारखेला दिला आहे.

आधी अंतराचा हिशेब पाहू. शिकागो ते मिशिगन सरोवराच्या उत्तर टोकाजवळचे मॅकिनॅक ३३३ मैल, तिथून ह्युरॉन सरोवराच्या पश्चिम किनाऱ्याने पोर्ट ह्युरॉनपर्यंत साधारण अडीचशे, पुढे सेंट क्लेअर आणि डेट्रॉइट या नद्या, मग ईरी सरोवराची जवळजवळ सगळी लांबी, वेलंड कालवा, ऑन्टॅरिओ सरोवर, ऑस्विगो आणि ईरी कालवे आणि शेवटी हडसन नदी, असे सगळे मिळून सुमारे चौदाशे मैल भरतात. हे स्टॅट्यूट, म्हणजे जमिनीवरचे नेहमीचे मैल आहेत, सागरी मैल नव्हेत. अमेरिकेच्या बाजूला ग्रेट लेक्सवर अंतरे स्टॅट्यूट मैलांतच सांगण्याची रीत आहे, आणि मुंबई किंवा गोव्याच्या समुद्रावर बोट शिकलेल्या माणसाचा इथे पहिला गोंधळ होतो तो याच ठिकाणी. दिवसाला पंचेचाळीस मैल धरले तरी निव्वळ चालण्याचेच एकतीस दिवस होतात. त्यात वाऱ्यासाठी थांबण्याचे दिवस, डोलकाठी उतरवण्या-चढवण्याचे दिवस आणि वेलंडच्या दारातली प्रतीक्षा मिळवली की सहा ते सात आठवडे लागतात. चार आठवड्यांत हा प्रवास करणारे लोक आहेत, परंतु ते रात्रीही चालतात आणि त्यांच्या बोटीवर पाळी बदलायला तिसरा-चौथा माणूस असतो.

त्यामुळे माझा स्पष्ट सल्ला असा की हा प्रवास दोन उन्हाळ्यांत विभागावा. पहिल्या वर्षी शिकागोहून निघून ह्युरॉन पाहून ईरी किंवा ऑन्टॅरिओच्या काठी बोट हिवाळ्यासाठी जमिनीवर काढावी. नाही तरी या भागात हिवाळ्यात बोट पाण्याबाहेर काढून इंजिनात अँटिफ्रीझ भरावेच लागते, म्हणजे जादा खर्च फारसा नाही. दुसऱ्या वर्षी कालवे आणि हडसन करावे. एकाच मोसमात करायचेच असेल तर जूनच्या अखेरीस निघावे. त्याआधी मिशिगनच्या थंड पाण्यावर धुके दाट असते आणि पाण्यात पडलेल्या माणसाला फार वेळ मिळत नाही. सप्टेंबर लागला की शरदातली वादळे सुरू होतात, आणि न्यूयॉर्क राज्याचे कालवे साधारणपणे ऑक्टोबरच्या मध्याला बंद होतात. गणपतीचे म्हणाल तर बोट जिथे असेल तिथे धक्क्याला बांधून गणपतीला आगगाडीने जावे. ईरी कालव्याच्या पूर्व भागात सिरॅक्यूज, रोम, युटिका, स्केनेक्टडी, ऑल्बनी या सगळ्या ठिकाणांहून न्यूयॉर्कला जाणारी अ‍ॅमट्रॅकची गाडी मिळते.

दुसरे मार्गही आहेत, पण ते लगेच बाजूला ठेवता येतात. शिकागोहून इलिनॉय आणि मिसिसिपी नद्यांनी दक्षिणेला उतरता येते. त्या वाटेवर शहराबाहेरच एक न उघडणारा पूल जेमतेम साडेएकोणीस फूट उंचीवर आहे आणि पुढे मालवाहू बार्जच्या तांड्यांबरोबर चालावे लागते. ती वाट मेक्सिकोच्या आखाताकडे जाते. आपल्याला तिकडे जायचे नाही. डोलकाठी मुळीच उतरवायची नसेल तर ऑन्टॅरिओतून सेंट लॉरेन्स नदीने माँट्रियल, क्वेबेक करत अटलांटिकला पोहोचता येते. १९५९ साली खुल्या झालेल्या सेंट लॉरेन्स सीवेमुळे समुद्रावरची मोठी जहाजे याच वाटेने सरोवरांत येतात. पण मग पुढे नोव्हा स्कॉशियाला वळसा घालून न्यूयॉर्कला खाली यावे लागते, आणि दोन माणसांच्या पहिल्या लांब प्रवासासाठी ती वाट मी सुचवणार नाही.

मिशिगन सरोवर ३०७ मैल लांब आणि सर्वांत रुंद ठिकाणी ११८ मैल रुंद आहे. त्याचा पूर्व किनारा धरून उत्तरेला जावे, कारण मिशिगन राज्याने त्या किनाऱ्यावर साधारण तीस-तीस मैलांवर आसऱ्याची बंदरे राखली आहेत: सॉगटक, हॉलंड, मस्कीगन, पेंटवॉटर, लडिंग्टन, मॅनिस्टी, फ्रँकफर्ट, लीलंड, शार्लव्हॉय. या यादीमुळे मनाला जो दिलासा मिळतो तो मात्र अर्धाच खरा आहे. इथे जोराचा वारा बहुधा पश्चिमेकडून येतो, म्हणजे हा सगळा किनारा वाऱ्याच्या तोंडावर असतो. बंदराची वाट दोन दगडी बांधांमधून आत जाते; बाहेर सहा फुटांच्या लाटा असल्या की त्या तोंडाशी फुटतात, बांधावर आपटून उलट फिरतात आणि बोट आडवी फेकू पाहतात. वारा वाढण्याच्या आत पोहोचलात तरच ते आसऱ्याचे बंदर. उशीर झाला तर तिथे घुसण्यापेक्षा खोल पाण्यात राहणे शहाणपणाचे असते. म्हणून या किनाऱ्यावर पहाटे पाचला निघून दुपारी एकपर्यंत बोट बांधून मोकळे व्हावे. दुपारनंतरच्या वादळी झडी मग धक्क्यावरून पाहता येतात.

या झडींबद्दल गंभीरपणे लिहिणे भाग आहे. जुलै-ऑगस्टमधल्या दमट दिवसांत पश्चिमेच्या मैदानांवर गडगडाटी ढगांची फळी तयार होते आणि ती अर्ध्या तासात सरोवरावर येऊन ठेपते. शिकागो ते मॅकिनॅक ही शर्यत १८९८ पासूनची. तिच्यात कसलेले लोक असतात. तरीही जुलै २०११ मध्ये सरोवराच्या उत्तर भागात रात्री अशा झडीत ‘विंगनट्स’ ही ३५ फुटी बोट उलटली आणि दोन जण मरण पावले. आपल्यासारख्यांसाठी नियम साधा आहे. पश्चिमेला काळी फळी दिसली, किंवा मोबाइलवरच्या रडारमध्ये लाल पट्टा आपल्या रोखाने येताना दिसला, की शीड कमी करू का याचा विचार करत बसू नये. दोन्ही शिडे पूर्ण उतरवून बांधावीत, इंजिन सुरू करावे, दोघांनीही लाइफ जॅकेट घालून सुरक्षादोर बोटीला अडकवावा आणि किनाऱ्यापासून दूर जावे. झड बहुधा वीस-पंचवीस मिनिटांत ओसरते. शीड पुन्हा चढवायला दहा मिनिटे लागतात, फाटलेले शीड शिवायला आठवडा.

जाता जाता माश्यांविषयी. दक्षिणेचा उबदार वारा असला की किनाऱ्यावरून चावऱ्या माश्या दहा-पंधरा मैल आत येतात आणि बरोबर घोट्यावर चावतात. त्यांच्यापुढे कोणतेही मलम चालत नाही. जाड मोजे आणि लांब पँट एवढाच इलाज.

नकाशावरच्या खोलीबद्दल एक गोष्ट खाऱ्या पाण्यावरून आलेल्या माणसाने लक्षात ठेवावी. सरोवरांत जाणवण्याजोगी भरती-ओहोटी नसते, पण पाण्याची पातळी वर्षानुवर्षांच्या चक्रात वरखाली होते. मिशिगन आणि ह्युरॉन यांची पातळी एकच आहे, कारण मॅकिनॅकच्या सामुद्रधुनीने ती जोडलेली आहेत. ही पातळी ऑक्टोबर १९८६ मध्ये उच्चांकाला होती आणि जानेवारी २०१३ मध्ये नीचांकाला. दोन्हींत सहा फुटांहून अधिक फरक होता. नकाशातली खोली एका ठरावीक खालच्या पातळीपासून मोजलेली असते, तेव्हा त्या आठवड्याची प्रत्यक्ष पातळी तिच्या वर आहे की खाली हे पाहून मगच उथळ बंदरात शिरावे. साडेपाच फुटी कीलला एका फुटाचाही फरक पडतो.

मॅकिनॅकचा पूल १९५७ चा आहे आणि मध्यभागी पाण्यापासून त्याची उंची दीडशे फुटांहून अधिक आहे, त्यामुळे डोलकाठीची चिंता नाही. पुढे मोटारी नसलेले मॅकिनॅक बेट लागते. तिथे एक रात्र काढावी. दुसरी रात्र खिशाला परवडत नाही. इथून दोन वाटा फुटतात. घाई असेल तर अमेरिकी किनाऱ्याने थेट दक्षिणेला पोर्ट ह्युरॉन गाठता येते. दोन मोसमांची योजना मान्य केलीत तर मात्र पूर्वेला कॅनडाच्या नॉर्थ चॅनेलमध्ये जावे, आणि तिथे घालवाल तितके दिवस थोडेच. मॅनिटूलिन हे गोड्या पाण्यातले जगातले सर्वांत मोठे बेट या चॅनेलची दक्षिणेकडची भिंत होऊन उभे असल्याने मोकळ्या सरोवराच्या लाटा आत येत नाहीत. बेंजामिन बेटांवर गुलाबी ग्रॅनाइट थेट पाण्यात उतरतो. तिथे नाळेकडून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडून, नांगर टाकायचा, बोट मागे घ्यायची आणि डिंगीने (छोट्या होडीने) दोर नेऊन किनाऱ्यावरच्या झाडाला बांधायचा, अशी पद्धत आहे. नांगर आधी गवतात अडकतो आणि धरला असे वाटते. म्हणून इंजिन उलटे चालवून पूर्ण ताण देऊन पाहिल्याशिवाय जेवायला बसू नये. लिटल करंट येथील फिरता पूल उन्हाळ्यात दिवसा दर तासाच्या ठोक्याला उघडतो. तिथे प्रवाह वाऱ्याप्रमाणे दिशा बदलतो, त्यामुळे वाट पाहताना बोट पुलावर ढकलली जाणार नाही इतके अंतर राखावे.

कॅनडात उतरायचे असेल तर कागदपत्रे आधी पाहावीत, कारण हा प्रश्न आपल्या लोकांना वाऱ्याइतकाच अडवतो. अमेरिकेचे ग्रीन कार्ड असलेल्या भारतीय नागरिकाला कॅनडाचा व्हिसा लागत नाही. चालू पासपोर्ट आणि कार्ड पुरते. एच-१बी व्हिसावर असलेल्यांना कॅनडाचा व्हिसा लागतो, आणि परतीसाठी अमेरिकेच्या व्हिसाचा शिक्का चालू आहे ना हेही पाहावे लागते. कॅनडात पोहोचल्यावर नेमून दिलेल्या धक्क्यावरून दूरध्वनी करून नोंद करायची असते आणि परवानगी मिळेपर्यंत फक्त कप्तानाने उतरायचे असते. वेलंड कालवा संपूर्ण कॅनडात आहे, त्यामुळे नॉर्थ चॅनेल टाळला तरी हे सोपस्कार टळत नाहीत.

पोर्ट ह्युरॉनच्या ब्लू वॉटर पुलाखाली ह्युरॉनचे सगळे पाणी सेंट क्लेअर नदीच्या अरुंद तोंडातून खाली धावते. तिथे प्रवाह ताशी पाच मैलांच्या आसपास असतो, आणि आपण त्याच्याच दिशेने जात असल्यामुळे दिवस मजेत जातो. उत्तरेचा वारा असताना तोंडाशी खडबडीत पाणी मिळते, तेवढेच. येथून ईरीपर्यंत मोठी मालवाहू जहाजे जवळून जातात, त्यांतली काही हजार फूट लांब. व्हीएचएफवर, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवर, ‘सार्निया ट्रॅफिक’ हे जहाजवाहतुकीचे नियंत्रण केंद्र ऐकत राहावे, आधी चॅनेल ११ आणि पुढे १२. जहाज वळणापलीकडे असतानाच त्याचा ठावठिकाणा कळतो. मधले सेंट क्लेअर सरोवर सरासरी अकराच फूट खोल आहे, त्यामुळे खोदलेल्या मार्गाची कड धरून चालावे आणि जहाज आले तर थोडे बाहेर व्हावे.

आता ईरी. पाच सरोवरांत हे सर्वांत उथळ: सरासरी खोली १९ मीटर, पश्चिमेच्या भागात तर सात-आठ मीटरच. तुलनेसाठी मिशिगनची सरासरी ८५ मीटर आहे. नवख्यांना उथळ पाणी सुरक्षित वाटते, पण बोटीच्या दृष्टीने गोष्ट उलटी आहे. उथळ पाण्यावर वारा लवकर लाट उठवतो आणि ती लाट लांब व पसरट न होता उभी राहते. दोन शिखरांमध्ये चार-पाच सेकंदांचे अंतर. ३२ फुटी बोटीची नाळ एका लाटेतून वर येते न येते तोच पुढच्या लाटेत घुसते आणि इंजिन पूर्ण जोरात असतानाही बोट जागच्या जागी आपटत राहते. याच आपटण्याने डिझेलच्या टाकीच्या तळाशी वर्षानुवर्षे बसलेला गाळ ढवळतो, फिल्टर तुंबतो आणि नेमके तेव्हाच इंजिन बंद पडते. म्हणून डेट्रॉइट सोडण्यापूर्वी टाकी साफ करून घ्यावी, जादा फिल्टर बरोबर ठेवावेत, आणि फिल्टर बदलून इंधनातली हवा काढण्याचा सराव दोघांनीही धक्क्यावर करावा, तोही घड्याळ लावून.

ईरीची दुसरी खोड म्हणजे त्याचे कलणे. सरोवर नैर्ऋत्य-ईशान्य असे २४१ मैल पसरलेले आहे, आणि जोराचा नैर्ऋत्य वारा याच रेषेवर वाहतो. परात एका बाजूने उचलावी तसे पाणी पूर्वेला बफेलोकडे जमते आणि पश्चिमेला टोलेडो, सँडस्की, पुट-इन-बे येथे उतरते. मोठ्या वादळात दोन टोकांच्या पातळीत दोन मीटरहून अधिक फरक पडतो. वारा थांबला की पाणी परत येते आणि साधारण चौदा तासांच्या झोक्याने काही काळ हेलकावत राहते. याचा व्यावहारिक अर्थ असा की पश्चिमेच्या बंदरात संध्याकाळी कीलखाली दोन फूट पाणी असले आणि रात्रीसाठी नैर्ऋत्येचा जोराचा वारा सांगितला असला, तर सकाळी बोट चिखलात रुतलेली सापडेल. तिथे खोल जागा मागून घ्यावी. धक्क्याला बांधलेल्या दोरांनाही पाणी उतरण्यापुरती ढील ठेवावी, नाही तर बोट दोरांवर लोंबकळते. ऑगस्टमध्ये पश्चिम भागात हिरवे शेवाळ पसरलेले असते आणि ते विषारी असू शकते. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यामुळेच टोलेडो शहरात नळाचे पाणी पिण्यास बंदी घालावी लागली होती. अशा पाण्यात पोहू नये आणि कुत्र्याला उतरू देऊ नये.

ईरी पार करताना दक्षिणेचा, म्हणजे अमेरिकेचा किनारा धरावा. क्लीव्हलंड, फेअरपोर्ट, अ‍ॅश्टब्यूला, ईरी शहर, डंकर्क अशी बंदरे तिथे एकामागून एक मिळतात. उत्तर किनाऱ्यावर बंदरे विरळ आहेत आणि लाँग पॉइंटचा वाळूचा दांडा सरोवरात खूप आत घुसलेला आहे. डंकर्कहून वेलंड कालव्याच्या तोंडाशी असलेले पोर्ट कोलबोर्न तीस मैलांच्या आत आहे; अंदाज चांगला असेल तेव्हा एका सकाळीत पलीकडे जाता येते. हवामान अंदाजात नुसता वारा न पाहता लाटेची उंची आणि तिचा कालावधी दोन्ही पाहावे. ईरीवर चार फूट आणि चार सेकंद असे दिसले तर मी बंदरात थांबतो, मग निळे आकाश कितीही बोलावत असो.

वेलंड कालवा नायगाऱ्याला वळसा घालून ईरीतून ऑन्टॅरिओत उतरतो: ४३ किलोमीटर, आठ लॉक, एकूण उतार साडेनव्याण्णव मीटर. आगाऊ नोंदणी करून पैसे भरायचे आणि पोर्ट कोलबोर्नला हौशी बोटींच्या धक्क्यावर आपली पाळी यायची वाट पाहायची. मालवाहू जहाजांचा मान पहिला, त्यामुळे पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. उतरणाऱ्या बोटीवर किमान दोन माणसे लागतात, चढणाऱ्या बोटीवर तीन. म्हणजे आपण नियमात बसता. चढण्यापेक्षा उतरणे फारच सौम्य असते, कारण पाणी खालून उकळून वर येत नाही, शांतपणे निघून जाते. वरून दिलेला दोर क्लीटला (डेकवरच्या दोर अडकवायच्या खुंटीला) गाठ मारून बांधायचा नाही, क्लीटभोवती एक फेर देऊन हातात धरायचा आणि बोट खाली जाईल तसा सोडत राहायचा. गाठ मारली आणि पाणी चौदा मीटर उतरले, तर बोट दोरावर टांगली जाईल. लॉकविषयी लक्षात ठेवण्याची बाब एवढीच. बाकी चांगले जाड फेंडर, म्हणजे बोटीच्या बाजूला टांगायच्या गाद्या, आणि हातमोजे.

ऑन्टॅरिओ सरोवर खोल आहे आणि पश्चिमेचा वारा पाठीशी असेल तर या संपूर्ण प्रवासातला शिडाचा सर्वांत सुखाचा टप्पा इथेच मिळतो. याच कारणासाठी बफेलोला डोलकाठी उतरवून ईरी कालव्याच्या पश्चिम भागातून जाण्यापेक्षा मी वेलंड सुचवतो. त्या पश्चिम भागात काही पूल साडेपंधरा फुटांवरच आहेत आणि दीडशेच्या आसपास मैल जास्त इंजिनावर काढावे लागतात. ऑस्विगोहून गेल्यास पुलांची उंची २१ फूट मिळते. ती आपल्या डोलकाठीला पुरणार नाहीच, तेव्हा ती ऑस्विगोला उतरवावी.

डोलकाठी उतरवणे हे यारीवाल्याचे तासाभराचे काम, पण आधीची तयारी अख्खा दिवस खाते. शिडे आणि बूम (शिडाच्या तळाचा आडवा दांडा) काढून ठेवावेत. डोलकाठीला धरणाऱ्या प्रत्येक तारेच्या टर्नबकलचे (ताण देणाऱ्या स्क्रूचे) किती आटे बाहेर आहेत याचे छायाचित्र घ्यावे आणि तारेवर चिकटपट्टीने नाव लिहावे. हडसनकाठच्या कॅट्सकिलला डोलकाठी पुन्हा उभी करताना यामुळे अर्धा दिवस वाचतो. लाकडी फळ्यांच्या तीन घोड्या कराव्यात, नाळेपाशी, मध्ये आणि मागे, आणि प्रत्येक घोडी डेकला स्वतंत्रपणे आवळावी. डोलकाठीचे टोक नाळेपुढे शक्यतो येऊ देऊ नये, कारण लॉकच्या भिंतीला बोट तिरकी लागली की पहिला मार तेच खाते. व्हीएचएफचा अँटेना डोलकाठीबरोबर खाली येतो ही गोष्ट बहुतेकांच्या पहिल्या लॉकपाशी लक्षात येते. मागच्या रेलिंगला एक छोटा अँटेना आधीच लावून ठेवावा, कारण लॉकवाल्याशी चॅनेल १३ वर बोलायचे असते.

ऑस्विगो ते हडसन तीस लॉक आहेत. ऑस्विगोचे सात आणि पुढचे तीन चढायचे, रोमजवळ समुद्रसपाटीपासून ४२० फुटांवर माथा, आणि मग सगळे उतरायचे. हौशी बोटींना २०१७ पासून पथकर नाही. लॉकमध्ये शिरताना भिंतीवरून लोंबणारे दोर किंवा उभ्या तारा दिसतात. एकाने नाळेशी आणि एकाने मागे बोटहुकने एकेक दोर ओढून घ्यायचा, इंजिन न्यूट्रलला ठेवायचे आणि पायाने भिंतीला रेटा न देता फेंडरना आपले काम करू द्यायचे. दोर शेवाळाने बुळबुळीत असतो आणि दुसऱ्या लॉकपर्यंत हातमोज्यांना कुजकट वास लागतो. दार मिटले की क्षणभर काहीच होत नाही. मग तळातून पाणी उसळते आणि नाळ भिंतीपासून सुटून मधोमध जाऊ पाहते. त्या वेळी नाळेवरच्या माणसाने दोर सोडला नाही की झाले. लिटल फॉल्सचा १७ वा लॉक चाळीस फूट उतरतो. त्याचे खालचे दार दोन पाखांचे नसून वर उचलले जाते, आणि त्याखालून जाताना अंगावर पाणी ठिबकतेच. शेवटी वॉटरफर्डला पाच लॉकची उतरंड दीड मैलात १६९ फूट खाली आणते.

या टप्प्यात एकच जागा खबरदारीची आहे आणि ती लॉक नसून पुन्हा एक उथळ सरोवरच आहे. ओनायडा सरोवर २१ मैल लांब आणि सरासरी बावीसेक फूट खोल आहे. दुपारी पश्चिमेचा वारा सुटला की तिथे आखूड, चिडक्या लाटा उठतात. डोलकाठी उभी नसलेली शिडाची बोट संथपणे न झुलता हिसके देत हलते, आणि घोड्यांवर बांधलेली डोलकाठी प्रत्येक हिसक्याला करकरते. ब्रुअर्टनला रात्र काढून उजाडताच निघावे आणि दहाच्या आत सिल्व्हन बीच गाठावे. पुढे कालवा मोहॉक नदीतून जातो; तिथे मोठा पाऊस झाला की ओंडके वाहत येतात आणि लॉक काही दिवस बंद ठेवतात. ऑगस्ट २०११ च्या आयरीन वादळाने तर तिथल्या काही लॉकची मोडतोड झाली होती. रजेच्या दिवसांचा हिशेब करताना हाही धोका धरावा.

हडसनवरच्या ट्रॉयच्या लॉकखाली न्यूयॉर्क अजून दीडशे मैल दूर असते, तरीही इथे भरती-ओहोटी सुरू होते. आता पुन्हा कोकणातल्या खाडीचे गणित. दक्षिणेला जाताना ओहोटीबरोबर निघावे. नदीचा ओघ मिळून ती भरतीपेक्षा जोरकस असते. मात्र भरतीची लाट समुद्राकडून वर येत असते आणि आपण तिच्या दिशेने जात असतो, त्यामुळे अनुकूल प्रवाह पूर्ण सहा तास मिळत नाही. भरती लागली की नांगर टाकून जेवून घ्यावे. हॅव्हरस्ट्रॉ आणि टॅपन झी येथे नदी रुंद व उथळ होते. दक्षिणेचा वारा आणि ओहोटी समोरासमोर आल्या तर तिथे बराच मार खावा लागतो.

राहिली गोड्या पाण्यातून खाऱ्यात जाण्याची तयारी, जिच्याविषयी प्रश्नात काही नाही पण जी विसरली तर महागात पडते. सरोवरांतल्या बोटींच्या प्रोपेलर-शाफ्टवर अनेकदा मॅग्नेशियमचे अ‍ॅनोड, म्हणजे स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारे तुकडे, असतात. खाऱ्या पाण्यात ते झपाट्याने विरघळतात आणि त्यानंतर गंज प्रोपेलरला खातो. जस्ताचे अ‍ॅनोड गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत, म्हणून ते आधीच लावून ठेवण्यातही अर्थ नाही. अ‍ॅल्युमिनियमचे दोन्हीकडे आणि मधल्या मचूळ पाण्यातही चालतात. दोन मोसमांची योजना केली तर हिवाळ्यात बोट जमिनीवर असतानाच ते बसवून घ्यावेत. तळाचा रंगही त्याच वेळी पाहावा, कारण सरोवरांसाठी लावलेला पातळ रंग समुद्रातल्या शिंपल्या-कालवांना रोखायला पुरत नाही. न्यू जर्सीच्या धक्क्यावर बोट महिनाभर उभी राहणार असेल तर तळाला जीव चिकटू न देणारा समुद्रासाठीचा अँटिफाउलिंग रंग लावूनच तिला दुसऱ्या वर्षी पाण्यात सोडावे.